चार टायर आणि खडूची रेघ

"निदान दार तरी रंगवू दे," रंगकाका म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली.

"अगं, एका दाराने काय होतंय?"

"तेच म्हणतेय मी पप्पा. एका दाराने काय होतंय? गाडी पळते ती दारावर पळते का?"

शनिवारची संध्याकाळ, वर्कशॉपच्या वरची आमची खोली, टेबलावर ताटं तशीच, आणि हे दोघं बापलेक समोरासमोर. आणि खरं सांगू का, दाराबद्दल कोणी बोलतच नव्हतं. बोलत होते मागच्या शेडबद्दल. बॅटरीवाला भाडेकरू शेड सोडून गेला त्या दिवसापासून आमच्या घरात दार म्हटलं की शेड समजायची, चाक म्हटलं की शेड समजायची, भाजीत मीठ कमी म्हटलं तरी शेडच समजायची.

रंगकाकाला तिथे पेंट बूथ हवं होतं. बंद, उजेडाचं, नीट हवा खेचून घेणारं. आयुष्यभर उघड्या अंगणात गाड्या रंगवल्या बिचाऱ्याने, एकेक माशी ओल्या रंगावरून चिमट्याने उचलली. आणि त्याच्याच मुलीला, म्हणजे ताईला, तीच शेड हवी होती. स्वतःच्या कामासाठी. गाडी सजवायची नाही, पळवायची. लोक आपापल्या छोट्या गाड्या घेऊन येतील आणि ती त्या आतून बदलून देईल, असं तिचं स्वप्न. नमुना म्हणून तिने वर्कशॉपची जुनी हॅचबॅक घेतली होती. बाहेरून मोहरीसारखा उडालेला पिवळा रंग, आणि भंगारातून आणलेलं डावं दार राखाडी. आम्ही तिला ठिगळी म्हणायचो.

आता विचार करा, गावभर ज्याच्या रंगकामाचं नाव, त्याच्याच दारात ठिगळी उभी. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "हिचं दार राहिलं वाटतं?" आणि रंगकाका रोज गिळायचा.

"आत्याची गाडी बघ," तो म्हणाला. "तीच कंपनी, तेच मॉडेल. तुझ्या आजोबांनी दोन्ही एकाच दिवशी आणल्या. आणि आज बघ. लोक वळून बघतात."

"वळून बघतात कारण ती वळत नाही," ताई म्हणाली. "एवढी मोठी चाकं घातलीस तिला. चाकं कसली, बांगड्या आहेत त्या."

झालं! आत्या ड्रायव्हिंग स्कूल चालवते, आणि तोपर्यंत ती ताईच्या बाजूने होती, पक्की. पण गाडी तिची, वाइन रंगाची, मागे पंख, खाली दिव्यांची माळ, दारात बघून केस विंचरावेत अशी चकाकी. तिचं नाव नटवी. बांगड्या म्हटल्याबरोबर आत्याने खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून रंगकाकाच्या शेजारी जाऊन बसली. अक्षरशः. खुर्चीसकट पक्ष बदलला.

"दादा, शेड तुझी," ती म्हणाली.

"मी तर आधीपासून हेच म्हणतोय," माझा बाबा म्हणाला. बाबा म्हणजे रंगकाकाचा धाकटा भाऊ, इंजिनवाला. मनातून तो ताईचा, कारण इंजिनची भाषा या घरात त्याच्यानंतर तिलाच येते. पण मोठ्या भावाच्या समोर बसून त्याच्या विरुद्ध बोलायचं म्हणजे बाबाची जीभ टाळ्याला चिकटते.

"तू पण?" ताईने त्याच्याकडे बघितलं. बाबा ताटातला उरलेला भात निरखायला लागला.

मग आजीने वाटी खाली ठेवली. आजी वाटी खाली ठेवते तेव्हा सगळे गप्प होतात, कारण बाकी वेळ ती वाटी आपटते.

"उद्या सकाळी," आजी म्हणाली. "पलीकडच्या गोदामाचं आवार रविवारी रिकामं असतं. थोरल्या, तुझे रंगाचे रिकामे डबे मांडायचे, वळणं करायची. नटवी आणि ठिगळी. एकही डबा न पाडता जी आधी येईल ती. ठिगळी जिंकली तर शेड पोरीची, हरली तर तुझी. आणि त्यानंतर माझ्या जेवणाच्या टेबलावर दार, चाक, शेड काही नको."

"आई, पण..."

"भात गार झाला तुझा."

रात्र व्हायच्या आत ताईने मला खाली नेलं. हवा बघायची होती. आता इथे आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा. आजीने जन्मभर वर्कशॉपचं टायरचं काम सांभाळलं, पंक्चर, हवा, सगळं. तिचा नियम असा, की हवा ज्याने बघितली त्याने टायरवर खडूची रेघ मारायची, आणि रेघ दिसली की दुसऱ्याने हात लावायचा नाही. दहा जण दहा वेळा व्हॉल्व्ह उघडतात आणि दर वेळी थोडी हवा निसटते, म्हणून. आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात. रेघ म्हणजे रेघ.

मी गेजवरचा आकडा वाचायचे, ताई जराशी सोडायची, जराशी भरायची, मग रेघ. चारही टायरना चार पांढऱ्या रेघा.

"सगळं काम इथे येऊन थांबतं बघ," ती टायरवर थोपटत म्हणाली. "मी किती का करेना, जमिनीला टेकतं ते एवढंसं रबर."

आणि केलं किती होतं तिने! मागची सीट काढली, दारांच्या आतले आवाज अडवणारे जाड थर खरवडून काढले. स्प्रिंगा कडक, ब्रेक नवे, चाकं उलट लहान आणि हलकी, टायर चिकट. आणि सगळ्यात शेवटी इंजिन. बाबा म्हणायचा आधी इंजिन कर, पण ती म्हणायची, आधी गाडीला थांबायला शिकवते, मग वळायला, मग पळायला. थांबता न येणाऱ्याला पळायला कोण शिकवतं?

पुढचं मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण ज्याने त्याने आपापली बाजू मला इतक्या वेळा ऐकवलीय, की आता मीच तिथे लपून बसले होते असं वाटतं.

सकाळी सगळ्यांत आधी उतरला बाबा. त्याला झोपच नव्हती. "तू पण?" हे ताईचे दोन शब्द त्याच्या उशाशी बसून होते. दादाच्या बाजूने बोललो, ठीक, पण पोरगी हरायला नको. आणि बाबाचं एक मत होतं, मागची हवा जरा चढी हवी, म्हणजे गाडीची शेपूट हलकी होते आणि ती पटकन वळते. ताईला त्याने हे सांगितलं होतं, आणि ती "बघते" म्हणाली होती. आमच्या घरात "बघते" म्हणजे नाही. त्याने पायपंप काढला, मागच्या उजव्या टायरला लावला, रेघेकडे बघितलं, मान वळवली आणि दाबायला लागला. दुसऱ्या टायरकडे जाणार इतक्यात जिन्यावर पावलं. बाबा पंपासकट काँप्रेसरच्या मागे.

रंगकाका हवेसाठी आलाच नव्हता. तो आला होता दाराला भेटायला. खांद्यावर फडकं टाकून तो ठिगळीच्या राखाडी दारापाशी उभा राहिला आणि त्याने त्यावर तळवा फिरवला, हळू, वरून खाली. त्याचा हात काच कागदापेक्षा तरबेज. आणि त्याला समजलं, की दाराचा पत्रा ताईने घासून अगदी सपाट केलाय. एक लाट नाही, एक खळगा नाही. रंगाच्या अगदी दाराशी आणून सोडलंय काम. त्यानेच शिकवलं होतं तिला, डोळे मिटून घासायला. म्हणजे पोरगी विसरली नाही. तिला नको होतं ते फक्त वरचं.

"हरली तर बूथ माझं," असा विचार त्याला आला, हे तो स्वतः सांगतो, लपवत नाही. आला आणि जरा वेळ बसला सुद्धा. मग त्याच्या डोळ्यांसमोर वळणावर उडणारी ठिगळी आली, आत पोरगी. पुढचे टायर किंचित मऊ असले तर जमीन धरतात, हे त्याचं मत. तो खाली बसला आणि पुढच्या डाव्या टायरची हवा थोडी सोडली. फुस्स. काँप्रेसरमागे बाबाने ऐकलं, पण त्याला वाटलं आपलाच पंप गळतोय.

मग आत्याच्या चपला वाजल्या. रंगकाका फडकं झटकत, कधी न म्हटलेलं गाणं म्हणत मागच्या दाराने बाहेर.

आत्या आली ती नटवी पुसायला. पण नटवी आधीच आरसा, पुसणार काय? ती ठिगळीकडे वळली. तिने आयुष्यात शेकडो नवशिके शिकवलेत, आणि तिचं ठाम मत, की गाडी मागून निसटते तेव्हाच माणूस घाबरतो. "हरवायचंय मला तिला," ती स्वतःशी म्हणाली, "पण धडधाकट." मागच्या डाव्याची थोडी हवा तिने सोडली. मग वरून आजीने चहाची हाक मारली, आणि तिघं जण तीन दिशांनी, आपण आत्ताच उठलो असं तोंड करून, वर आले. आजीने तिघांना चहा दिला आणि मग स्वतः म्हणाली, "मी जरा खाली जाऊन येते, पाय मोकळे करायला."

गोदामाच्या आवारात रंगकाकाने डबे मांडले. त्यातही त्याचा हात बघावा, एकेक डबा दोरीने आखल्यासारखा. आजी घडीच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी. घड्याळ माझ्या हातात.

आधी नटवी. आत्या डब्यांमधून अशी गेली, जणू मागच्या सीटवर कोणी झोपलंय. एक डबा हलला नाही. वेळही बरी आली, अगदी बरी. रंगकाका टाळ्या वाजवणार होता, पण मग ताईकडे बघून त्याने हात खिशात घातले.

मग ठिगळी. निघाली ती अशी निघाली की बाबाच्या तोंडून "वाः" निसटला. सरळ पट्टा तिने खाल्लाच. पहिलं वळण उजवीकडे, आणि तिथे काय झालं कळलं नाही, गाडी डाव्या अंगावर बसली, जड म्हशीसारखी. डबा गेला. पुढचं वळण डावीकडे, तर तिथे उलटंच, उजवी बाजू टणक होऊन घसरत सुटली. दुसरा डबा गेला, घरंगळत आजीच्या पायाशी आला. ब्रेक मारला तर गाडी डावीकडे ओढली. ठिगळी शेवटी येऊन थांबली ती वाकडी.

ताई उतरली. हेल्मेट काढलं. मी तिला रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही रडली नाही. त्यापेक्षा वाईट, ती शांत होती.

"स्प्रिंगा चुकल्या माझ्या," ती म्हणाली. "वळताना तोल धरायला मागे जो बार घातला तोही चुकीचा. मुळातच चुकलंय. मला वाटत होतं मला येतं."

"येतं गं तुला," बाबा पटकन म्हणाला.

"नाही येत. येत असतं तर अशी वळली असती?" तिने किल्ली ठिगळीच्या बॉनेटवर ठेवली. "पप्पा, बूथ बांध. आणि दार पण रंगव. आता काय, कुठलाही रंग चालेल."

हेच ऐकायला तर रंगकाका थांबला होता ना? दाराला हो, शेडला हो, एकाच वाक्यात. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा असा झाला, जणू चकचकीत रंगकाम करून मागे सरकावं आणि मधोमध माशी बसलेली दिसावी.

तो ठिगळीपाशी गेला, गुडघ्यावर बसला.

"हवा कोणी बघितली?"

"मी. रेघ आहे की."

"रेघ आहे," रंगकाका म्हणाला. "पण ही रेघेची हवा नाही. सकाळी मी सोडली."

दूरवर एक डबा अजून डुलत होता त्याचाच काय तो आवाज.

"तू?" ताई म्हणाली. "पप्पा, तू माझ्या गाडीची हवा सोडलीस? आज?"

"पुढच्या डाव्याची. चांगल्यासाठी सोडली." मग त्यालाच ते कसं ऐकू येतंय हे कळलं असावं. कारण शेड त्याला मिळणार, आणि हवा त्याने सोडली. कोणीही काय समजेल? तो उठला. "तुला जे वाटायचं ते वाटू दे. तुझ्या स्प्रिंगा चुकलेल्या नाहीत. आधी हवा नीट कर आणि परत जा."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. बाबा पायाने खडा इकडून तिकडे करत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची जीभ टाळ्यापासून सुटली.

"दादा एकटा नाही. मागच्या उजव्यात मी भरली."

"काय?"

"शेपूट हलकी व्हावी म्हणून. मी तुला सांगितलं होतं, तू बघते म्हणालीस."

"म्हणजे नाहीच म्हणाले होते ना मी!"

"ते मला माहीत आहे गं, म्हणून तर लपून भरली!"

"थांबा थांबा," आत्या म्हणाली. ती लाल झाली होती, नटवीच्या जवळपास. "मागच्या डाव्याची मी सोडली."

"आत्या! तू तर माझ्या विरुद्ध होतीस!"

"होते! अजून आहे! चाकांना बांगड्या म्हणालीस तू माझ्या!"

ताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती धावत गेली आणि गेज काढून एकेक टायर मोजायला लागली. डावीकडचे दोन्ही मऊ. मागचा उजवा टणक. उरला पुढचा उजवा.

"हा पण चढा आहे," ती म्हणाली. "चांगलाच. हा कोणी?"

बाबाने रंगकाकाकडे पाहिलं, रंगकाकाने आत्याकडे, आत्याने माझ्याकडे. मी दोन्ही हात वर केले, शपथ, मी घड्याळाला सोडून कशाला हात लावला नव्हता. मग सगळ्यांच्या माना हळूहळू घडीच्या खुर्चीकडे वळल्या.

आजी आकाशात काहीतरी बघत होती. आकाशात काही नव्हतं.

"आई?" रंगकाका म्हणाला.

"काय आई? बसलेला दिसला मला तो टायर."

"रेघ होती ना त्यावर?"

"होती."

"मग?"

"मग काय मग? रेघ तुम्हाला मी शिकवली. मला कोण शिकवणार?" आणि तिने मांडीवरची पिशवी जरा घट्ट धरली, पण तरी आतून पंपाची नळी डोकावत होतीच.

सगळ्यांत आधी ताई हसली. असं हसली की बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. "म्हणजे सगळ्या घरात नियम पाळला तो एकटीने मीच!" ती म्हणाली. "रेघ दिसली म्हणून सकाळी हात लावला नाही मी. आणि तुम्ही चौघं... एकेक चाक वाटून घेतलंत!"

"वाटून कुठे घेतलं," बाबा म्हणाला, "कोणीतरी येत होतं दर वेळी, म्हणून एकेकच झालं. नाहीतर दोन दोन करणार होतो."

आजीने पायाशी आलेला डबा उचलला आणि रंगकाकाकडे धरला. "थोरल्या, बघत काय बसलास? उभे कर डबे. ही फेरी धरायची नाही. काय गं?" हे आत्याला.

"मला चालेल," आत्या म्हणाली. "हरेन तर हरेन. पण बांगड्या शब्द मागे घे."

"घेतला," ताई म्हणाली. "कंकणं म्हणते."

हवा परत बसवली. आकडा मी वाचला. या वेळी तिघांना आजीच्या खुर्चीमागे ओळीने उभं केलं, आजीसकट सगळ्यांचे हात दिसतील असं.

आणि मग ठिगळी गेली. काय सांगू तुम्हाला! आवाज मोठा नाही, धूर नाही, काही दाखवणं नाही. फक्त वळणाशी आली की थांबायची, वळायची आणि नसायची. पुढच्या डब्यापाशी असायची. डबे जागचे हलले नाहीत, आणि गाडी त्यांच्या इतक्या जवळून गेली की एकावरचा रंगाचा वाळका पापुद्रा वाऱ्याने उडाला. मी घड्याळ दाबलं आणि ओरडले. काय आकडा होता ते कोणी विचारलंच नाही, डोळ्यांना दिसत होतं. बाबा नाचत होता. आत्या शिट्टी वाजवत होती. हरलेली आत्या!

"शेड पोरीची," आजी म्हणाली. "आता घरी चला, ऊन चढलं."

रंगकाका डबे गोळा करत होता, एकात एक घालत. ताई त्याच्याजवळ गेली.

"पप्पा, तू बोलला नसतास तर शेड तुझी होती."

"त्या शेडमध्ये कसलं बूथ," तो वर न बघता म्हणाला. "दुपारी धूळ बघितलीस तिथली? ओल्या रंगावर बसली की संपलं."

"मग भांडत का होतास एवढा?" बाबाने विचारलं.

"माणसाला मागायला काहीतरी नको का?"

हे तो म्हणाला खरं. पण शेडच्या भिंतीवर पंखा कुठे बसेल, दिवे कुठे येतील याच्या पेन्सिलच्या खुणा त्याने आधीच करून ठेवल्या होत्या, आणि त्या ताईने बघितल्या होत्या. तिने त्याच्या हातातून डबे घेतले.

"शेडमध्ये मला अर्धी जागा पुरते," ती म्हणाली मग. "भिंत घालू मधे. धूळ येणार नाही इतकी पक्की."

"बघतो," रंगकाका म्हणाला. त्याचं "बघतो" म्हणजे मात्र हो असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

"आणि एक रंगकाम आहे."

त्याची मान झटकन वर. "दार?"

"दार नाही. दाराला हात लावायचा नाही." तिने ठिगळीच्या टायरकडे बोट दाखवलं. "खडूवर आता माझा भरवसा नाही राहिला."

नटवीच्या डिकीत रंगकाकाची छोटी पेटी कायम असते, त्यातून त्याने बारीक ब्रश काढला, पांढऱ्या रंगाची बाटली काढली, आणि पहिल्या टायरपाशी मांडी घालून बसला. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. एक श्वास घेतला, धरला, आणि रेघ ओढली. एकच. केसासारखी सरळ. मग दुसरा टायर, तिसरा, चौथा. आख्ख्या ठिगळीवर तेवढंच काय ते रंगकाम, पण येणारी जाणारी माणसं आजही दार सोडून आधी ते बघतात, खरंच.

आम्ही सगळे भोवती वाकून उभे होतो. आजीने खुर्चीतूनच मान पुढे काढली, आणि तिचा हात, अगदी नकळत, पुढच्या उजव्या टायरच्या दिशेने निघाला.

"आई," रंगकाका म्हणाला. "ओला आहे रंग."

आजीने हात मागे घेतला. आणि निदान तेवढ्या कारणासाठी तरी, त्या दिवशी मग कोणीच हात लावला नाही.